झारेकऱ्याचा हात

आमच्या भूशास्त्र विभागात मामा परिचर होते. काचसामान धुणं, खडक फोडून देणं, चाळण्या साफ ठेवणं ही त्यांची कागदावरची कामं. मी झिरकॉन या खनिजावर काम करायचं ठरवलं, तेव्हा सरांनी वाचायला शोधनिबंधांचा गठ्ठा दिला आणि म्हणाले, "खडकातून तो वेगळा कसा काढायचा, ते मात्र मामांना विचार." निबंधांचं देणं संदर्भसूचीत चुकतं झालं. मामांचं राहिलं.

मामांचे वडील झारेकरी होते. सराफांच्या दुकानांपुढची धूळ, गटारातला गाळ गोळा करायचा, धुवायचा आणि त्यातून सोन्याचा कण न् कण काढायचा, हा त्यांचा पोटाचा धंदा. मामा पोरवयात त्यांच्याबरोबर रविवार पेठेत जात. पुढे नोकरी लागली, धंदा सुटला, पण हात तोच राहिला.

पुण्यात बसून झिरकॉन मिळणं अवघड. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये सिलिका कमी, त्यात हे खनिज सहसा तयारच होत नाही. ते मुबलक असतं ग्रॅनाइटात. म्हणून आम्ही कर्नाटकातल्या रामनगरचा खडक आणला. 'शोले'त गब्बरचा अड्डा आहे ना, तेच डोंगर. क्लोजपेट हे रामनगरचं इंग्रजी अमदानीतलं नाव, आणि तिथून दक्षिणोत्तर सुमारे ४०० किलोमीटर पसरलेल्या या खडकाला आजही क्लोजपेट ग्रॅनाइटच म्हणतात.

फोडून, दळून, चाळून झालेली ती पूड घेऊन मी नळाखाली बसले. मामा शेजारी उकिडवे. "मनगट सैल सोड, पोरी. पाटी हलवू नकोस, पाण्याला हलू दे." सोन्याची घनता १९.३, ते आपलं आपण तळाशी जातं. झिरकॉनची जेमतेम ४.६ ते ४.७ आणि ज्याच्यातून तो सोडवायचा त्या क्वार्ट्झची २.६५. हिसका जास्त बसला की दोन्ही एकत्र वाहून जातात. मामांच्या हातात मात्र पांढरी वाळू पापुद्र्यासारखी कडेवरून निघून जायची आणि तळाशी काळपट रेघ उरायची.

वाहून गेलेलं पाणी मोरीत सोडायची मला बंदी होती. ते बादलीत धरायचं, गाळ बसू द्यायचा आणि तो पुन्हा धुवायचा. मी कुरकुर केली तेव्हा म्हणाले, "सराफानं टाकलेल्यावर आमचं घर चाललं. आपण टाकताना बघायला नको?"

या शिस्तीची किंमत मला नंतर कळली. झिरकॉनमध्ये थोडं युरेनियम असतं. त्याच्या किरणोत्सारानं कोट्यवधी वर्षांत स्फटिकाची आतली रचना मोडत जाते. असा मोडलेला झिरकॉन हलका होतो, घनता ४ च्या आसपास उतरते, आणि पाण्याबरोबर तोच आधी निसटतो. उरलेल्यांवरून काढलेला निष्कर्ष मग धडधाकट कणांपुरताच खरा.

धुण्यानंतर ब्रोमोफॉर्म. या जड, विषारी द्रवात क्वार्ट्झ तरंगतं, झिरकॉन बुडतो. मग चुंबक, आणि शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकानं एकेक कण उचलणं. मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढा चौकोनी खांब, दोन्ही टोकांना निमुळता, फिकट मधाच्या रंगाचा आणि हिऱ्यासारखा लखलखीत.

"हा मोठा झाला की कसा दिसतो बघायचाय?" म्हणून मामा मला ओळखीच्या एका खडेवाल्याकडे घेऊन गेले. बाजारात जरकन मागितला की बहुधा पुढे येतो तो झिरकोनियाचा, कारखान्यात बनलेला खडा. खऱ्या झिरकॉनशी त्याचं धातूपुरतंच नातं. खडेवाल्यानं आतून कंबोडियाचे निळे झिरकॉन काढले. मुळात तपकिरी असलेला खडा भट्टीत तापवून निळा करतात. प्रत्येक खडा वेगळ्या पुडीत होता, कारण एकमेकांवर घासले तर पैलूंच्या कडा झिजतात. मामांनी माझ्या हातात भिंग दिलं. "सरळ नको, तिरपा धर. आता पलीकडच्या कडा मोज." प्रत्येक कड दुहेरी दिसत होती. झिरकॉन प्रकाशकिरण दुभंगतो. हिरा दुभंगत नाही, झिरकोनियाही नाही. पुस्तकात या दुभंगण्याचा ०.०५९ हा आकडा मी पाठ केला होता. तो डोळ्यांनी पाहिला त्या दुकानात.

माझ्या कणांचं वय आलं: सुमारे २५० कोटी वर्षं. मामांना सांगायला धावत गेले. झिरकॉन तयार होताना युरेनियमला आत घेतो, शिशाला घेत नाही. म्हणून आत सापडतं ते शिसं युरेनियमपासूनच झालेलं, आणि त्यावरून वय निघतं, असं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण एवढ्या काळात त्यातलं शिसं झिरपून गेलं नसेल कशावरून?"

हा प्रश्न तोंडी परीक्षेत मला कोणी याहून नेमका विचारला नाही. उत्तर असं, की युरेनियम दोन प्रकारचं असतं. एक निम्मं व्हायला ४४७ कोटी वर्षं लागतात, दुसरं ७० कोटींत, आणि दोघांचं शिसंही वेगळं. दोन्हींवरून काढलेलं वय जुळलं तर शिसं जागेवर आहे. जुळलं नाही तर गळती झाली. मामा हसले. "म्हणजे दोन वह्या. एका वहीवर सराफसुद्धा विश्वास ठेवत नाही."

मामा निवृत्त झाल्यावर, २०१५ साली, प्रिन्स्टनच्या गटाचा निबंध आला. सह्याद्रीतल्या लाव्ह्याच्या थरांमध्ये अडकलेल्या लाल मातीत ज्वालामुखीच्या राखेतले झिरकॉन त्यांना सापडले होते. त्यावरून निघालं, की उद्रेकांचा मुख्य टप्पा डायनोसॉर संपले त्या काळाच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला आणि साधारण साडेसात लाख वर्षं चालला. ज्या मातीकडे मी घाटातून जाता-येता नुसतं बघितलं, तिच्यातच हे कण होते. निबंध वाचताना मी आधी वयाच्या आकड्यांकडे गेले नाही. कण कसे वेगळे केले आणि दोन वह्या कुठे जुळल्या, ते शोधलं. ही वाचायची रीत मला कुठल्या अभ्यासक्रमानं दिली नाही.

आता माझे विद्यार्थी झिरकॉनचं काम करतात. यंत्राकडे जाण्याआधी त्यांना नळाखाली बसवते आणि बादलीतला गाळ दाखवायला सांगते. त्यांना ही माझी खोड वाटते. खोड कोणाची, ते मी नावानिशी सांगते.