यंदाचं शिवण, सवडीनं

गुढीपाडवा

यंदा शिवणकामाची यादी केलीय, पण तिच्यात एकही तारीख घातलेली नाही. बाकीचं आयुष्य तारखांवर चालतंच की!

पहिलं काम गोधडीचं. आईची जुनी सुती लुगडी आणि गाठोड्यात साठलेले रंगीत तुकडे. कडेनं धावदोरा सुरू करून आत आत वळत जायचं. टाके लहानमोठे झाले म्हणून ऊब काही कमी होत नाही. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाच्या बायका आपल्या कवंदीच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या गोधडीच्या, चारही कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची ‘फुलं’ लावतात. त्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. ती फुलं मला लावून बघायची आहेत.

दुसरं, कसुती. धारवाडकडचं हे भरतकाम कापडाचे धागे मोजून चालतं. त्यातल्या गवंती टाक्यात जाताना एकाआड एक टाका घालायचा, परतताना मोकळ्या जागा भरायच्या. गाठ मारायची नाही, म्हणून उलट-सुलट दोन्ही बाजू सारख्या. अख्खी इरकली साडी भरायचा हट्ट नाही. ब्लाउजच्या बाहीवर एक तुळशीवृंदावन उमटलं तरी भरून पावले.

तिसरं, नवं कापड घेताना हात आखडायचा. याची शपथ मात्र घेत नाही. खणांचं दुकान दिसलं की पाय वळतातच.

शेजारच्या काकू म्हणाल्या, “एवढं शिवतेस, तर चार ऑर्डरी घे ना!” नको. ऑर्डरी आल्या की मुदती येतात, मुदतींमागून कंटाळा. छंद छंदच राहू दे.