स्टीव्हनेज : शहराने वेढलेले गाव

१९४६ साली इंग्लंडमधील स्टीव्हनेज या गावाच्या रेल्वे स्थानकावर काही खोडकर हातांनी नावाची पाटी बदलली. नव्या पाटीवर ‘सिल्किनग्राड’ असे लिहिलेले होते. लुईस सिल्किन हे त्या वेळचे नगररचना खात्याचे मंत्री. त्यांनी या गावाभोवती नवे शहर वसवण्याचे ठरवले होते, आणि त्यांचा हा खाक्या ग्रामस्थांना स्टालिनच्या रशियाची आठवण करून देणारा वाटला.

स्टीव्हनेज लंडनच्या उत्तरेला सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. महायुद्धातील बॉम्बवर्षावाने लंडनमध्ये घरांचा दुष्काळ पडला होता. राजधानीतील गर्दी बाहेर हलवावी आणि त्यासाठी मोकळ्या मुलखात स्वयंपूर्ण शहरे उभारावीत, अशी योजना १९४४ मध्ये तयार झाली. १९४६ मध्ये कायदा संमत झाला आणि त्याखाली घोषित झालेले पहिले शहर म्हणजे स्टीव्हनेज. वस्ती होती सहा-साडेसहा हजारांची, ती साठ हजारांवर न्यायची होती.

त्या वर्षीच्या मे महिन्यात सिल्किन गावात सभा घ्यायला आले. लोकांनी हुर्यो केली. तुम्ही कितीही ओरडलात तरी हे होणारच, अशा आशयाचे उत्तर मंत्र्यांनी दिले. सभेनंतर पाहतात तो त्यांच्या मोटारीच्या चाकांतील हवा गेलेली.

प्रकरण न्यायालयात गेले. हरकती ऐकण्यापूर्वीच मंत्र्याने निर्णय घेतला असेल तर त्या सुनावणीला अर्थ काय, हा ग्रामस्थांचा प्रश्न होता. उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, अपील न्यायालयाने तो फिरवला, आणि १९४७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मंत्र्यांचा निर्णय कायम केला. भारतातील कायद्याचे विद्यार्थी प्रशासकीय कायदा शिकताना हा ‘फ्रँकलिन’ खटला आजही वाचतात. ज्या गावावरून तो उभा राहिला, त्याचे पुढे काय झाले, हे पुस्तकात बहुधा नसते.

गाव वाचले. नव्या शहराचे केंद्र जुन्या पेठेच्या दक्षिणेला, मोकळ्या जमिनीवर उभारले गेले. तेथील वाहनमुक्त चौकाचे उद्घाटन १९५९ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते झाले. जुनी ‘हाय स्ट्रीट’ जागच्या जागी राहिली. अर्थात, पेठ राखणे आणि पेठेभोवतीचे गाव राखणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

या पेठेला वय आहे. एडवर्ड राजाने ही जमीन अकराव्या शतकात वेस्टमिन्स्टरच्या मठाला दिली. १२८१ मध्ये आठवड्याच्या बाजाराची व वार्षिक जत्रेची राजसनद मिळाली. बाजारातील तात्पुरत्या पालांची कालांतराने पक्की घरे-दुकाने झाली. रस्त्याच्या मधोमध उभी असलेली ‘मिडल रो’ ही ओळ म्हणजे त्या पालांचीच वंशावळ. लंडनहून उत्तरेला जाणारा हमरस्ता गावातूनच जात असल्याने घोडागाड्यांच्या काळात येथे सराया भरभराटीला आल्या. १८५० मध्ये रेल्वे आली आणि तो दिमाख ओसरला. रस्त्याच्या उत्तर टोकाला टॉमस ॲलेन या धर्मगुरूने १५५८ साली मृत्युपत्राद्वारे स्थापलेली शाळा आहे. सेंट निकोलस हे चर्च मात्र पेठेपासून दूर, टेकाडावर एकटे उभे आहे. त्याचा मनोरा बाराव्या शतकातला. मूळ वस्ती त्याच्याभोवती होती आणि ती पुढे व्यापाराच्या ओढीने रस्त्याकडे सरकली, असे मानतात. म्हणजे या गावाने एकदा आपण होऊनही जागा बदललेली आहे.

सर्वांत चमत्कारिक वास्तू म्हणजे हेन्री ट्रिग या किराणा व्यापाऱ्याचे कोठार. मित्रांसोबत रात्री परतत असताना त्याने स्मशानात प्रेते उकरणारे चोर पाहिले, अशी आख्यायिका आहे. १७२४ मध्ये तो वारला, तेव्हा आपले शव पुरू नये, कोठाराच्या वाशांवर ठेवावे, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. वारसांना मालमत्ता हवी होती, त्यांनी अट पाळली. त्या जागेत पुढे सराई झाली, मग बँक आली. शवपेटी छपराखालीच राहिली. आतली हाडे हौशी पाहुण्यांनी आठवण म्हणून थोडी थोडी पळवली असे सांगतात. चोरांपासून वाचण्यासाठी वर चढलेल्या माणसाचे हे असे झाले.

गावाच्या उत्तरेला, चर्चच्या पलीकडे, ‘रुक्स नेस्ट’ नावाचे जुने घर आहे. १८८३ मध्ये एक विधवा आई आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन तेथे भाड्याने राहायला आली. मुलगा चौदा वर्षांचा झाला तेव्हा त्यांना घर सोडावे लागले. पण ते घर काही त्या मुलाला सोडून गेले नाही. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘हॉवर्ड्स एन्ड’ या कादंबरीतील घर ते हेच. अंगणातील एल्मच्या खोडात खुपसलेले डुकराचे दातही त्यांनी जसेच्या तसे उचलले आहेत. त्या झाडाची साल चावली की दातदुखी थांबते, असा गावकऱ्यांचा समज होता.

मराठी वाचकाला फॉर्स्टर आणखी एका वाटेने भेटतात. १९२१ मध्ये ते देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी सचिव होते. त्या मराठी दरबारातील गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांनी जवळून पाहिला. ‘अ पॅसेज टु इंडिया’चा शेवटचा भाग त्यातून आला. देवासवर लिहिलेल्या पुस्तकाला त्यांनी तेथील देवीच्या टेकडीचे नाव दिले. दूरच्या संस्थानातही या माणसाने टेकडीच्या, म्हणजे जागेच्याच, नावाने आठवण जपली.

१९४६ मध्ये स्टीव्हनेजचा वाद पेटला तेव्हा फॉर्स्टर यांनी नभोवाणीवरील भाषणात तो प्रश्न मांडला. बेघर माणसांना घरे हवीत, हे त्यांनी मान्य केले. त्याच वेळी, पिढ्यानुपिढ्या एका जमिनीवर रुजलेले जगणे उखडले गेले तर त्याची भरपाई कशाने होणार, असेही विचारले. दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि त्यांची सांगड आपल्याला घालता येत नाही, ही कबुली त्या भाषणात आहे. एका नामवंत लेखकाने आपल्या बालपणाची वकिली करावी, हे सोपे होते. लंडनच्या पडक्या चाळीतून येणाऱ्या कुटुंबाला नाकारणे त्यांना जमले नाही, म्हणून ते भाषण आजही वाचण्याजोगे ठरते. नव्या शहरात आलेल्या कित्येकांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची न्हाणी आणि मागे बाग मिळाली. हे सुख जुन्या पेठेच्या रसिकांनी विसरू नये.

‘रुक्स नेस्ट’मध्ये १९१४ पासून संगीतकार एलिझाबेथ पोस्टन राहत होत्या, त्या १९८७ मध्ये वारल्या तोपर्यंत. फॉर्स्टर त्यांच्याकडे पाहुणे म्हणून जात. आपल्या घरी पाहुणा म्हणून. एल्म १९६० च्या दशकात तोडावा लागला. घर आज संरक्षित आहे, पण खाजगी मालकीचे असल्याने रस्त्यावरूनच पाहावे लागते.

घराच्या समोरची शेते ‘फॉर्स्टर कंट्री’ म्हणून ओळखली जातात. ती मोकळी राहावीत म्हणून १९८९ पासून स्थानिक मंडळी संघटितपणे झटत आहेत. कायद्याने भिंतीला संरक्षण मिळते, खिडकीतून दिसणाऱ्या रानाला ते सहज मिळत नाही. शहराची वस्ती आता नव्वद हजारांच्या आसपास आहे आणि घरांची मागणी १९४६ इतकीच निकडीची. गेल्या काही वर्षांत या शेतांच्या एका भागावर शेकडो घरांची योजना मंजूर झाली. उरलेल्या भागात रानबाग राखण्याचे ठरले आहे. सेंट निकोलसच्या स्मशानातून उत्तरेला पाहिले, तर ती हद्द नेमकी नजरेसमोर येते.