मृदंग काय बोलतो

नवनाथांच्या कथांमध्ये एका वादकाची कथा आहे. आम्हा ढोलकीवाल्यांना ती आपल्या घरातली वाटते. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात मैनाकिनी राणीपाशी राहिलेले असतात. त्यांना परत आणायला शिष्य गोरखनाथ कलिंगा नावाच्या नर्तकीच्या संचात शिरतो, मृदंग हाती घेतो आणि भर दरबारात असा वाजवतो की बोलांतून गुरूला हाक जाते: चला, गोरख आला आहे. दरबाराला नाच दिसतो, ताल ऐकू येतो. हाक कळते ती फक्त मच्छिंद्रांना.

नाटकात धर्माचा अर्थ कसा दडवतात, असं कुणी विचारलं की मी हीच कथा सांगतो. आमच्या भागात ती सांगायला लांब जावं लागत नाही. नगरहून पाथर्डीकडे निघालं की तिसगाव लागतं आणि तिथून कानिफनाथांची मढी जवळच. गुरू कुठे अडकले आहेत हे गोरखाला सांगितलं ते कानिफनाथांनीच. बदल्यात गोरखाने त्यांना त्यांच्या गुरूचा, जालिंदरनाथांचा, पत्ता दिला. पुढे मायंबाला मच्छिंद्रांची समाधी आहे. स्त्रीराज्यातून परतताना मच्छिंद्रांच्या झोळीतली सोन्याची वीट गोरखाने फेकून दिली आणि डोंगरच सोन्याचा करून दाखवला, तो हा आमचा गर्भगिरी. या कथा 1819 साली मालू कवीने ‘नवनाथ भक्तिसार’ या पोथीत ओवीबद्ध केल्या. रंगपंचमीला मढीत काठ्या कळसाला भेटतात, रेवड्या उधळल्या जातात, तेव्हा त्या गर्दीतल्या बहुतेकांना ही कथा पोथी न उघडता येत असते.

तिचा आतला अर्थ जुनाच आहे. मच्छिंद्र म्हणजे देहात रमलेला जीव, स्त्रीराज्य म्हणजे इंद्रियांचा कारभार, गोरख म्हणजे विवेक आणि मृदंग म्हणजे आतून उठणारा अनाहत नाद. मैथिली कवी विद्यापतीने यावरच ‘गोरक्षविजय’ हे नाटक लिहिलं. बंगालीतल्या कथाकाव्यात तर गोरख स्वतःच नर्तकीचं सोंग घेतो. आपल्याकडे ‘प्रभात’ने 1932 साली ‘मायामच्छिंद्र’ हा बोलपट काढला, तोही मणिशंकर त्रिवेदी यांच्या ‘सिद्धसंसार’ नाटकावरून. व्ही. शांताराम यांचं दिग्दर्शन, गोविंदराव टेंबे मच्छिंद्र आणि दुर्गाबाई खोटे राणी.

पण मला या कथेत खिळवून ठेवतो तो वाजवणारा. गोरखाला तिथे आधी नाचाची साथ करावी लागली. एक सम जरी चुकली असती तरी कलिंगाने त्याला संचातून उठवलं असतं आणि हाक तिथेच राहिली असती. नाच खरा झाला म्हणून निरोप पोहोचला. आतला अर्थ बाहेरच्या कामावर स्वार होऊन जातो, असं मी म्हणतो ते याच कथेवरून.

ढोलकीने शब्द बोलवता येतो का? येतो. ‘मच्छिंदर’ वाजवायचं तर ‘मच्’ला शाईवर दाबून बंद थाप, ‘छिं’ला डाव्या हाताची घुमकी उघडी सोडायची आणि ‘द-र’ किनारीवर दोन बोटांत उरकायचं. ‘गोरख’च्या ‘गो’ला घुमाऱ्यावर तळहात घासत न्यायचा, म्हणजे आवाज माणसाच्या गळ्यासारखा वाकतो, आणि ‘रख’ लगेच तोडायचं. एवढं जमलं की ज्याला कथा ठाऊक आहे त्याला ते ऐकू येतं. ज्याला ठाऊक नाही त्याला उत्तम तोडा ऐकल्याचं समाधान मिळतं. दोघांनाही काही ना काही मिळालंच पाहिजे, ही माझ्या उस्तादांची शिकवण. निरोप कळावा म्हणून मी ठेका कधी सैल करत नाही.

हीच गोष्ट तमाशाच्या गवळणीत आहे. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाटेत दान मागणारा कृष्ण, लंगडा पेंद्या, पदर सावरणारी मावशी. कीर्तनकार सांगतात की गवळणी म्हणजे जीव, डोक्यावरचं मडकं म्हणजे देहाचा अभिमान आणि ते फुटल्याशिवाय देवाची वाट मोकळी होत नाही. हा अर्थ मला मान्य आहे. तरी मावशीच्या तोंडचा विनोद म्हणजे त्या अर्थावरचं टरफल, असं मात्र मी मानत नाही. बाजाराला निघालेल्या बायांची घाई, त्यांचा राग, त्यांची मस्करी खरी वाटली नाही, तर मडकं फुटल्याचं कुणाला काही वाटणार नाही. आता गण-गवळण पाच मिनिटांत गुंडाळतात आणि फर्माईशीची गाणी सुरू होतात. याचं मला दुःख आहे. वगाला माणसं बसतात ती गवळणीने तयार केलेल्या मनाने.

कलगी-तुऱ्याच्या शाहिरांचं बळ तर दडवण्यावरच होतं. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. डफ-तुणतुण्यावर भेदिक लावणीत एकाने कोडं घालायचं, दुसऱ्याने सोडवायचं. वाद शिव-शक्तीचा, पण रात्र सरायची ती पुढचा काय उत्तर देतो या उत्सुकतेवर. तमाशातल्या गणाच्या, म्हणजे आरंभीच्या वंदनाच्या, बाबतीत वेगळी वाटही निघाली. अण्णा भाऊ साठ्यांनी गवळण काढली आणि गणात मातृभूमीला वंदन केलं. मला ते धर्माविरुद्ध वाटत नाही. वंदनाची जागा त्यांनी राखली, फक्त वंदन कुणाला ते बदललं.

आमच्याकडे पैठण जवळ, म्हणून एकनाथांची भारुडं लहानपणापासून कानावर. विंचवाचं भारूड घ्या. सोंग घेणारा आधी लोळतो, ओरडतो, अंग टाकतो. काम-क्रोधाचा विंचू असल्याचं एकनाथ सांगतात, सत्त्वगुणाचा उताराही देतात, पण आधी विष चढू देतात. हल्ली निवेदक माइक घेऊन सोंग यायच्या आधीच अर्थ सांगून मोकळा होतो. मग येणाऱ्या सोंगाकडे लोक शिकवणी म्हणून पाहतात. सासू-नणंदेची पीडा जाऊ दे म्हणून देवीला नवस बोलणाऱ्या सुनेच्या भारुडाला बाया खळखळून हसतात. सासू म्हणजे कल्पना, सासरा म्हणजे अहंकार, असे अर्थ लावतात. पण त्या हसण्यात घरोघरचं जे बाहेर पडतं तेही एकनाथांना हवं होतं, असं मी ठामपणे मानतो. अर्थ उलगडायला सप्ताहातलं कीर्तन आहे. मंचाचं काम उलगडण्याचं नाही, भोगायला लावण्याचं आहे.

म्हणूनच मैनाकिनीची भूमिका मला फार महत्त्वाची वाटते. राणीला माया ठरवून मोहिनीसारखी नाचवली की काम सोपं होतं आणि नाटक पडतं. मच्छिंद्र तिथे गेले ते मारुतीने तिला दिलेल्या वचनापायी. मीननाथ हा त्यांचा मुलगा. नवरा आणि मुलगा उठून निघाले आहेत आणि ती दारात उभी आहे. तिचा विलाप खरा झाला तरच मच्छिंद्रांनी काय सोडलं ते कळतं आणि गोरखाच्या हाकेची किंमत लक्षात येते. या ठिकाणी मी ढोलकी पूर्ण थांबवतो. साथीला फक्त तुणतुण्याचा एक सूर ठेवतो.

नाथसंप्रदायाची ही साखळी मच्छिंद्र, गोरख, गहिनी, निवृत्ती करत ज्ञानेश्वरांपर्यंत येते आणि ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती आमच्याच जिल्ह्यातल्या नेवाशात. हा वारसा मुलांपर्यंत नाटकातून जावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. यंदाच्या यात्रेत ज्या गावांत मच्छिंद्राचा वग किंवा भारूड उभं राहणार आहे, त्यांना माझी विनंती आहे: अर्थ सांगायला निवेदक ठेवू नका. ढोलकीवाल्याला पहिल्या तालमीपासून बोलवा, राणीच्या विलापाला पुरता वेळ द्या आणि गवळण कापू नका.