आरोगणा झाली का?

नागपूर विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा म्हटलं की पुस्तकांच्या आधी कूलरची तयारी. १९९४ साली मी एम.ए. मराठीला होते. एप्रिल लागला तसा खिडकीतला कूलर सुरू झाला, आणि गार वाऱ्यासोबत पाणीही फेकू लागला. निळ्या शाईतली टिपणं सकाळी उघडावीत, तर महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या नावावर मोठा निळा ढग पसरलेला.

ती टिपणं रामदासपेठेतल्या विद्यापीठ ग्रंथालयात बसून उतरवलेली. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादलेलं, १९७८ सालचं ‘लीळाचरित्र’ घरी न्यायला मिळत नसे. चक्रधरस्वामींच्या आठवणींचा हा ग्रंथ रचणाऱ्या म्हाइंभटाची चिकाटी मला तिथंच आवडली. स्वामी गेल्यावर ज्याला जे आठवतं ते त्यानं विचारून घेतलं, आणि दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहून ठेवल्या. पण परीक्षा जवळ आली की म्हाइंभट मागे पडतो आणि गाइड पुढे येतं. मीही सीताबर्डीवरून एक जुनं गाइड आणलं. त्यात गद्यशैलीची सात वैशिष्ट्यं आणि मागे कठीण शब्दांचे अर्थ होते. ‘आरोगणा’पुढे छापलं होतं : प्रकृतीची विचारपूस. मी बिनधास्त पाठ केलं. ‘बीजें केलें’चा अर्थ तर गाइडात नव्हताच, बी पेरलं असेल, असं मी स्वतःच ठरवून टाकलं. स्वामी सारखे बी कशाला पेरतात, एवढं कोडं काही सुटेना.

एका दुपारी वीज गेली. ओसरीत बसून मोठ्यानं घोकत होते. शेजारच्या आजी भिंतीपलीकडून म्हणाल्या, “काय वाचून राहिली वं पोरी?”

आजींचं घर महानुभाव. एकमेकांना भेटले की ‘दंडवत’ म्हणणारी माणसं. आजींना अक्षर येत नव्हतं, पण निरूपणं ऐकून कान तयार झालेला. मी अर्थ वाचून दाखवला तशा हसल्या.

“प्रकृती कायची वं! देवाची आरोगणा झाली का मंग आपलं जेवण. आरोगणा म्हंजे जेवण.”

“आणि बीजें केलें?”

“गेले. नायी तं आले. देव चालत निघाले ना, ते बीजं.”

सातशे वर्षांपूर्वीचे म्हणून मी घोकत असलेले शब्द भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात रोज वापरात होते. महानुभाव पंथातले केसोबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्यांना थांबवलं होतं. संस्कृतात लिहिलं तर आपल्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील, हे त्यांचं कारण. इथे वंचित मी होते, आणि सांगत होती म्हातारी.

पुढचे आठ दिवस दुपारी भिंतीला टेकून बसले. मी लीळा वाचायची, आजी मधेच थांबवून “हे असं नायी” म्हणायच्या. कधी एखादा शब्द त्यांनाही येत नसे. मग त्या तसं सरळ सांगायच्या. गाइडाला ते जमलं नव्हतं.

पेपरात गद्यशैलीवरच प्रश्न आला. मी आरोगणेपासून सुरुवात करून चार पानं लिहिली. मला अठ्ठावन्न गुण मिळाले. गाइडातली सात वैशिष्ट्यं जशीच्या तशी उतरवणाऱ्या मैत्रिणीला बासष्ट.