चि. मुक्ताला, बेटावरून

डग्लस, आइल ऑफ मॅन

चि. मुक्ता,


परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, आठवडाभर नोकरी करून दमतेस, मग शनिवारी त्या दुकानात फुकट राबायला कशाला जातेस?" आता तू नर्स म्हणून इथेच यायला निघाली आहेस, तेव्हा नीट उत्तर द्यायला हवं.

ते दुकान इथल्या हॉस्पिससाठी चालतं. आजार बरा होण्यापलीकडे गेला की माणसाचे उरलेले दिवस वेदनेविना जावेत म्हणून धडपडणारी ही संस्था. रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. बराचसा खर्च देणग्या, मृत्युपत्रात ठेवलेल्या रकमा आणि लोकांनी आणून दिलेल्या जुन्या वस्तूंची विक्री यांतून भागतो. मागच्या खोलीत पिशव्यांचा ढीग असतो. कपडे निवडायचे, वाफेची इस्त्री फिरवायची, किमतीच्या चिठ्ठ्या लावायच्या. आमच्यातले एक आजोबा जिगसॉचे खोके घरी नेतात, अख्खं चित्र जुळवून बघतात आणि झाकणावर पेन्सिलीने लिहितात, 'एक तुकडा कमी'. चिल्लर पैशांत विकल्या जाणाऱ्या खोक्यापायी दोन-दोन संध्याकाळी घालवतात. त्यांच्या पत्नीचे शेवटचे दिवस त्याच हॉस्पिसमध्ये गेले. ते याबद्दल बोलत नाहीत, आम्हीही विचारत नाही. पण दुकानातल्या निम्म्या माणसांच्या मागे असंच काहीतरी आहे.

दुसरं कारण समुद्र. साधारण ८४ हजार वस्ती, ५७२ चौरस किलोमीटर जमीन, चहूबाजूंनी पाणी. वारा चढला की इंग्लंडहून येणारी बोट रद्द होते आणि दुकानांतल्या भाजी-फळांच्या फळ्या रिकाम्या दिसू लागतात. 'कुणीतरी बघेल' म्हणावं, तर तो कुणीतरी इथे आपल्यातलाच असतो.

एकमेकांच्या मदतीला धावणं इथे जुनंच आहे. सर विल्यम हिलरी डग्लसला राहायचे. वादळात फुटणारी जहाजं त्यांनी इथल्या किनाऱ्यावरून पाहिली, १८२३ मध्ये पत्रक काढून मदतीची हाक दिली आणि १८२४ मध्ये लंडनमध्ये जीवरक्षक नौकांची संस्था उभी राहिली. आजची रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन ती हीच. हिलरी नुसते पत्रक काढून थांबले नाहीत. १८३० मध्ये 'सेंट जॉर्ज' ही बोट डग्लसच्या खाडीतल्या खडकावर आपटली, तेव्हा साठीला टेकलेला हा माणूस जीवरक्षक नौकेत होता. लाटेने समुद्रात फेकला गेला, बरगड्या मोडल्या, पण 'सेंट जॉर्ज'वरचे सगळे वाचले. दोन वर्षांनी त्याच खडकावर त्यांच्या पुढाकाराने बुरूज बांधला गेला, बुडत्या खलाशांना आसरा म्हणून. तुझी बोट बंदराला लागताना तो दिसेल. आजही बेटावरच्या जीवरक्षक नौकांवर बहुतेक स्वयंसेवकच जातात. पेजर वाजला की हातातलं काम टाकून धावतात. समुद्रात अडकलेला मच्छीमार बहुधा ओळखीचाच निघतो.

इथल्या टीटी मोटारसायकल शर्यतींचंही तेच. साठ किलोमीटरच्या रस्त्यावर लक्ष ठेवणारे पुरेसे मार्शल उभे राहिले नाहीत तर शर्यत सुरूच होत नाही, आणि ते सगळे बिनपगारी.

एक मात्र माझं ठाम मत आहे. सरकारने करायचं काम लोकांच्या चांगुलपणावर ढकलू नये. रुग्णाची शुश्रूषा शिकलेल्या, पगारी माणसांनीच करायची. तू त्यासाठीच येते आहेस. आम्ही फक्त त्याला हातभार लावतो.

आणि माझ्या स्वार्थाचंही सांगते. हिवाळ्यात इथे चार-साडेचारला अंधारून येतं. सुरुवातीला त्या वेळा अंगावर यायच्या. ऑफिसातली माणसं चांगली होती, पण कामापुरती. दुकानात जायला लागले तेव्हा रस्त्यात नावाने हाक मारणारे, आजारी पडले तर सूप आणून देणारे भेटले. काही देते आहे असं मला शनिवारी कधीच वाटत नाही.

म्हणून सांगते, आलीस की आधी बस्तान बसू दे. मग पाळ्या सांभाळून महिन्यातली एक दुपार कुठेतरी दे. आमचंच दुकान हवं असं नाही. जीवरक्षक नौकांसाठी देणगीचा डबा घेऊन उभं राहणारी माणसंही लागतात. पण पहिला हिवाळा संपायच्या आत नाव नोंदव.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या