मी संताप समजत होतो

आमच्या खाडीपट्ट्यात महाडचा विषय निघाला की दोनच गोष्टी सांगितल्या जात: चवदार तळ्याचं पाणी आणि मनुस्मृतीचं दहन. दुसरी सांगताना घरातल्यांचा आवाज खाली यायचा. पुढे मी शिकलो, स्वतःला पुरोगामी म्हणवू लागलो, तरी महाड म्हणजे संतापाचा उद्रेक हे मनात पक्कं होतं. ‘रास्त संताप’ असं मी वर उदारपणे म्हणायचो. त्या औदार्याची आता लाज वाटते. समोरचा संतापलाय असं एकदा ठरवलं की त्याचं म्हणणं ऐकायची गरज उरत नाही. मला तेच सोयीचं होतं.

२५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. ज्या सत्याग्रह परिषदेत हे घडलं तिला महाडात कुणी जागा देईना, ती फत्तेखान यांनी दिली. हे वाचूनही मी ‘अपवाद असतात’ म्हणून पान उलटलं.

अडलो ते २६ डिसेंबरच्या हकिकतीशी. सवर्णांनी केलेल्या दाव्यात अस्पृश्यांना तळ्यावर जायला दिवाणी न्यायालयाची तात्पुरती मनाई आली होती. सत्याग्रह करायचा की नाही हे बाबासाहेब आंबेडकरांनी परिषदेच्या प्रतिनिधींनाच विचारलं. गावोगावची माणसं एकामागून एक उठून बोलली. बहुतेकांचं म्हणणं एकच: तुरुंगात जाऊ, पण पाणी घेऊ. कलेक्टरही मंडपात येऊन थांबण्याविषयी सांगून गेले, तरी लोक हटेनात. मग दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांनी आपल्याच लोकांपुढे उलट बाजू मांडली. सवर्णांशी लढताना सरकारलाही अंगावर घ्यायचं का, हा त्यांचा प्रश्न होता. लोकांना ते पटलं. मिरवणूक तळ्याभोवती फिरली आणि पाण्याला हात न लावता परतली.

ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुरुंगाची तयारी करून आलेली हजारो माणसं, आणि त्यांना थांबवायला हुकूम नाही, युक्तिवाद लागला. याउलट आमच्या गावच्या पालखीच्या बैठकीत मी वर्षानुवर्षं बसलोय. मानकरी बोलतात, बाकीचे माना डोलावतात, मीही डोलावतो. विचार करणारी माणसं आमची आणि भावनेच्या भरात वाहवत जाणारी महाडची, ही वाटणी मी कशाच्या जोरावर केली होती? पुराव्याच्या नव्हे, जातीच्याच.

हेही कबूल करतो, की पाणी न घेता परतणं मला आधी माघार वाटलं होतं. म्हणजे पाणी घेतलं तर संताप आणि थांबले तर दुबळेपणा! माझ्या तराजूत त्यांच्यासाठी तिसरं मापच नव्हतं.

तो दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. अस्पृश्यांना तळ्यावर मनाई असल्याची परंपरागत रूढी सवर्णांना सिद्ध करता आली नाही, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या विरोधात दिला.