दुसऱ्याचं वाक्य

उत्तर चुकलं की लेखनिकाचं पेन क्षणभर थांबतं. लिहिणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही, सांगणाऱ्याच्या मात्र लगेच येतं. परीक्षा देणाऱ्या अंध मुलीला कागदावर टोक घासल्याचा बारीक आवाज ऐकू येत असतो, त्या आवाजाच्या चालीवर ती पुढचं वाक्य बेतत असते. आवाज तुटला की तिच्या मनात पाल चुकचुकते आणि मग आधीच्या बरोबर उत्तरांवरही तिचा विश्वास उरत नाही. जळगावात लेखनिक म्हणून बसायला येणाऱ्या मुलामुलींना मी हेच पहिल्यांदा सांगते. पेन थांबवायचं नाही. पानिपतची पहिली लढाई १७६१ साली झाली असं तिनं सांगितलं, तर १७६१ लिहायचं. तुम्हाला १५२६ माहीत आहे, ते तुमच्या पेपरात लिहा.

हे सांगितलं की काही मुलं अस्वस्थ होतात. मदत करायला आलोय आणि मदतच करायची नाही? मला ती अस्वस्थता आवडते. तिथूनच खरं शिकणं सुरू होतं असं मला वाटतं.

जळगावात हे काम सतत निघत राहतं, कारण यजुर्वेंद्र महाजन यांनी उभ्या केलेल्या दीपस्तंभ फाउंडेशनचा मनोबल हा निवासी प्रकल्प इथे आहे. दिव्यांग, अनाथ, आदिवासी मुलंमुली उच्च शिक्षणासाठी आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी लांबलांबून या शहरात येऊन राहतात. त्यांच्यासारख्या मुलांच्या अभ्यासाला पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारे लागतात, परीक्षेला लेखनिक लागतात. संगणक बरंच काही वाचून दाखवतो. एनव्हीडीए नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, ते मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ पासून घडवलं. मुलं ते इतक्या वेगात लावतात की मला त्यातला एक शब्द सुटा करता येत नाही आणि ती मात्र ऐकता ऐकता टिपणं काढत असतात. पण परीक्षेच्या हॉलमध्ये अजून माणूसच शेजारी बसतो. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. २०१८ च्या सूचनांप्रमाणे परीक्षार्थीनं स्वतः लेखनिक आणला, तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचं असावं लागायचं. या अटीची अडचण मला ठाऊक आहे. अवघड पारिभाषिक शब्द बारावीच्या पोराला लिहिता येत नाहीत आणि तिथे वेळ जातो. तरीही शेजारी बसणाऱ्याला कमी येत असावं यात काहीतरी हितकारक आहे असं मला अनेकदा वाटून गेलंय.

खानदेशाला या कामाची जुनी ओळख आहे. जळगावच्या शिवेला लागून असलेल्या आसोद्याची लेक बहिणाबाई चौधरी. तिला अक्षरओळख नव्हती. ती जात्यावर, शेतात, चुलीपाशी ओव्या म्हणायची आणि मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी त्या टिपून ठेवायचे. सोपानदेव स्वतः कवी होते, शिकलेले होते. आईच्या बोलीला प्रमाण मराठीची इस्त्री फिरवायची त्यांनी ठरवली असती, तर कोण अडवणार होतं? तिच्या मृत्यूनंतर वर्षभरात, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आलं, ते तिच्या बोलीत. तिचा उच्चार, तिची वळणं, तिचा ‘नि’ आणि तिचा ‘रे’ तसाच राहिला.

आणि धुळं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा प्रवचनं झाली. कैद्यांत साने गुरुजी होते. अमळनेरच्या शाळेत मुलं घडवलेले शिक्षक आणि मनातून लेखक. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. पण धुळ्यात त्या रविवारांना त्यांनी आपलं लेखकपण बाजूला ठेवलं आणि दुसऱ्याचं बोलणं कागदावर उतरवलं. ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहेत ती त्या हातामुळे. इतका उत्कट माणूस, डोळ्यांत पाणी घेऊन जगणारा, त्या पानांमध्ये कुठे मध्ये येत नाही. धुळ्यात पांझरा नदीच्या पुलावरून जाताना मला हे हटकून आठवतं.

जळगावच्या लोकसेवक मधुकरराव चौधरी समाजकार्य महाविद्यालयासारख्या ठिकाणी एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात कुठल्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. त्यामुळे समाजकार्याच्या वर्गांत एका बाकावर बी.कॉम. झालेली मुलगी, तिच्या मागे भूगोल घेऊन बी.ए. झालेला, खिडकीपाशी बी.एस्सी. अॅग्रीवाला असं चित्र दिसतं. विशेष शिक्षणाच्या बी.एड.लाही तसंच. हे अनेकांना उणं वाटतं. इकडेतिकडे जमलं नाही म्हणून आलेत, असं बोललं जातं. मला उलट वाटतं. क्षेत्रकार्याच्या दिवशी हीच मंडळी गावात उतरतात, तिथे फिजिओथेरपीचे पदव्युत्तर विद्यार्थी भेटतात, वाचा-श्रवणाचा अभ्यास करणारे भेटतात आणि एकाच मुलाकडे सगळे आपापल्या शिक्षणाच्या डोळ्यांनी बघायला लागतात. त्यातून काही सुचतं. गोंधळही होतो, तोही हवाच.

त्या गोंधळाला सरकारी रूप मिळालं ते ६ फेब्रुवारी २०१३ ला. पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता असं पथक गाडी घेऊन वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. शंका आली की मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं. तिथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट, विशेष शिक्षक, डोळे तपासणारा, कान तपासणारा एका छताखाली असावेत अशी कल्पना. कल्पना फार चांगली आहे. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून जिल्ह्याच्या ठिकाणी येणाऱ्या आईचा एक दिवसाचा रोज बुडतो आणि एस.टी.चं तिकीट अंगावर पडतं. म्हणून शिकणाऱ्या पोरांनी घरी जाणं मला इतकं मोलाचं वाटतं.

कायदाही पसरला आहे. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व मोजलं होतं, २०१६ च्या कायद्यात एकवीस. त्या एकविसांत सिकलसेल आहे. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल या भागांतल्या आदिवासी घरांना हा आजार परका नाही. शेवटच्या बाकावर मान टाकून बसणारा, खेळाच्या तासाला सावलीत उभा राहणारा, महिन्यातले काही दिवस सांधे धरून घरीच राहणारा पोरगा आळशी नसतो. त्याला कुबडी नसते, काळा चष्मा नसतो. त्याच्याकडे बघून कुणाच्या मनात सेवा येत नाही. वाणिज्य शिकून आलेली एक विद्यार्थिनी हजेरीपट उलटताना एका नावापुढच्या गैरहजेरीच्या खुणा बघत राहिली आणि म्हणाली, “ताई, हे आकडे काहीतरी सांगतायत.” हिशेब शिकलेल्या डोळ्यांनाच ते दिसलं.

साक्री तालुक्यातल्या एका घरची गोष्ट सांगते. सहा वर्षांचा मुलगा, सेरेब्रल पाल्सी. पाय ताठ, उभं केलं की एकमेकांवर चढतात. बोलत नाही, आवाज काढतो, आणि डोळे मात्र दारापासून मोरीपर्यंत सगळीकडे भिरभिरत असतात. त्या दिवशी शिकणाऱ्यांतली चौघं गेली होती, मी त्यांच्यासोबत. फिजिओथेरपीच्या मुलीनं पाय हातात घेतला तसं पोरानं अंग आखडलं. तिनं पाय सोडला. मग त्याच्या डोळ्यांसमोर बसून म्हणाली, “आता मी तुझा उजवा पाय धरणार आहे.” थांबली. मग धरला. स्नायू तितकाच ताठ होता, पण पोर ताठ नव्हतं. हे तिच्या पुस्तकात असणारच. पुस्तकातून हातात यायला मात्र ते अंगण लागलं.

वाचा-श्रवणवाल्या मुलानं चित्रांची कार्डं काढली. विमान, सफरचंद, आगगाडी. पोर कार्डांकडे बघेना. आजी भिंतीला टेकून बसली होती, ती मोठ्या आवाजात म्हणाली, “त्याले समदं समजस. बोलाले येळ लागस.” आणि ती अहिराणीत त्याला विचारायला लागली, शेळी कुठं, माय कुठं, बैल कुठं. डोळे बरोबर त्या त्या दिशेला गेले. त्या मुलानं कार्डं पिशवीत ठेवली आणि वही काढून आजीचे शब्द जसेच्या तसे लिहायला सुरुवात केली. अहिराणी त्याची नव्हती. एकेक शब्द तो विचारून घेत होता, पुन्हा म्हणून बघत होता. त्याच्या वहीत मला त्या क्षणी सोपानदेवांची वही दिसली.

मग आला शेतकीवाला. तो मघापासून गप्प होता आणि घराभोवती हिंडत होता. जळगाव जिल्ह्यात वाढलेल्या पोराला ठिबकच्या सामानाची नजर असते. परसात पीव्हीसी पाइपाचे तुकडे पडले होते, एल्बो, टी होते. आठवड्याभरात त्यानं त्यांचा वॉकर जुळवून आणला. फिजिओच्या मुलीनं उंची सांगितली होती, सांधे पक्के होते, काम देखणं झालं होतं. सगळ्यांनी ठरवलं होतं की पोर आता अंगणवाडीकडच्या रस्त्यानं चालायला शिकेल. पोर वॉकर धरून उभं राहिलं आणि त्यानं तोंड फिरवलं घराच्या मागच्या बाजूला. पुन्हा वळवलं, पुन्हा तिकडेच. मागे शेळ्या बांधलेल्या होत्या.

तिथली जमीन उंचसखल, ओली, लेंड्या पडलेली. त्या वॉकरचे पाय तिथे टिकणार नव्हते. शेतकीवाला वॉकर उचलून परत घेऊन गेला. पुढच्या खेपेला खालचा घेर रुंद होता आणि पायांना चिखलात न रुतणारे सपाट तळवे होते. अंगणवाडी महत्त्वाचीच आहे, ती पुढे येईलच. पण पोराचं वाक्य शेळ्यांचं होतं.

जयपूरला १९६८ च्या सुमाराला असंच घडलं होतं. अस्थिशल्यचिकित्सक डॉ. पी. के. सेठी आणि फारशी शाळा न शिकलेले कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून जयपूर फूट घडवला. परदेशी कृत्रिम पाय बुटात चालायला केलेले होते. इथल्या माणसाला उकिडवं बसायचं होतं, मांडी घालायची होती, अनवाणी शेतात उतरायचं होतं, झाडावर चढायचं होतं. डॉक्टरला शरीर कळत होतं, कारागिराला रबर आणि लाकूड. पण तो पाय जमला तो वापरणाऱ्याला काय करायचंय याकडे दोघांनी कान दिला म्हणून, अशी माझी समजूत आहे. सेठींना १९८१ साली मॅगसेसे मिळालं. रामचंद्र शर्मांचं नाव मागे पडलं याचं मला अजून वाईट वाटतं.

३ डिसेंबरचे जागतिक दिव्यांग दिनाचे कार्यक्रम मी बरेच पाहिलेत. तीनचाकी वाटप होतं, हार पडतात, भाषणं होतात. व्यासपीठाला पायऱ्या असतात आणि उतार नसतो, म्हणून ज्यांचा सत्कार त्यांनाच दोघा-चौघांनी उचलून वर न्यावं लागतं. उचलून नेताना माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला पाहवत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले. २०२२ साली आपल्या राज्यानं दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागही काढला. एवढं झालंय, तर त्या उताराच्या चार फळ्या कुणी का ठोकत नाही? मला खात्री आहे, की त्या व्यासपीठाची आखणी करताना चाकाच्या खुर्चीतल्या एका माणसाला जरी विचारलं असतं, तर फळ्या आल्या असत्या.

या सगळ्यात मला खरोखर सलणारी गोष्ट वेगळी आहे. क्षेत्रकार्य शैक्षणिक वर्षाबरोबर संपतं. एप्रिल आला की परीक्षा, अहवाल, सही, शिक्का. ऊन पंचेचाळीसच्या घरात जातं आणि पोरं आपापल्या गावी. नव्या वर्षी नवा विद्यार्थी त्याच अंगणात उभा राहतो आणि आईला पहिल्यापासून विचारतो: बाळंतपण कुठे झालं, बाळ रडलं होतं का, ताप कधी आला. तिनं हे किती जणांना सांगायचं? दर वर्षी तीच जखम उघडायची आणि पुन्हा कुणीतरी नवखा पाय धरायला येणार. अहवाल महाविद्यालयाच्या कपाटात असतो, तो मार्कांसाठी लिहिलेला असतो. घरासाठी लिहिलेला कागद कुणाकडे नसतो.

म्हणून यंदा साक्रीच्या घरी गेलेल्या त्या चौघांनी मला विचारलं, की मागे काय ठेवून जायचं, तेव्हा मी एवढंच म्हटलं, की तुमची मतं नकोत, या घरानं तुम्हाला जे शिकवलं ते लिहा. त्यांनी एक पान लिहिलं. एक प्रत घरात, एक अंगणवाडी ताईंकडे, एक पुढच्या तुकडीसाठी. त्यात निदान वर एका ओळीत आहे. खाली आजीनं सांगितलेले अहिराणी शब्द आहेत, आणि त्या प्रत्येक शब्दाला पोर काय करतं ते. पाय धरायच्या आधी सांगा. व्यायाम शेळ्या सोडायच्या वेळेला घ्या, तो स्वतःहून उभा राहतो. वॉकरचे तळवे झिजले की गावातल्या ठिबकवाल्याकडे तुकडे मिळतात. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी घरी फक्त आजी असते. तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती मोठ्यानं बोलते. तिचे कान अजून कुणीच तपासलेले नाहीत. ते आधी करा.